तेलाची बाटली आणि परत गेलेलं ताट

भुसावळहून एका बहिणीचं पत्र आलंय. लांबलचक आहे, थोडं कापून देते.

"माई, प्रभूमध्ये सलाम. आमचं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. सासरे रेल्वेत होते, मिस्टरही रेल्वेत आहेत. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांनी आपली मंडळी (चर्च) सोडली आणि एका हॉलमध्ये भरणाऱ्या सभेला जायला लागले. तिथं बाहेरगावचे एक पास्टर येतात, प्रार्थना केलेलं तेल देतात. लहान बाटली पाचशे रुपयाला. सासूबाईंना वीस वर्षांची शुगर आहे. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झालीय. मिस्टर म्हणतात गोळ्या बंद करा, गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला. महिना झाला, नुसतं तेल लावतोय. आता पास्टरांनी 'बीज पेरा, शंभरपट मिळेल' सांगितलंय, तर एफडी मोडून दोन लाख द्यायचे म्हणतात.

यंदा अखाजीला (अक्षय तृतीयेला) शेजारच्या काकूंनी नेहमीसारखं ताट पाठवलं. पुरणपोळी, आंब्याचा रस, वरती रुमाल. मिस्टरांनी ते दारातूनच परत केलं. वर काकूंना बायबलमधलं स्तोत्र ११५ म्हणून दाखवलं, तुमच्या देवांना तोंड आहे पण बोलत नाहीत, डोळे आहेत पण दिसत नाही. काकू म्हणाल्या, 'ऱ्हाऊ दे वं माय,' आणि ताट घेऊन गेल्या. माझ्या बाळंतपणात अकरा रात्री दवाखान्यात बसलेली बाई ती. त्या दिवसापासून आमच्याकडे आल्या नाहीत. माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते, काकू नरकात जाणार का?

माई, मूर्तींबद्दल शास्त्रात इतकं कडक लिहिलंय, म्हणजे मिस्टरांचं बरोबरच असणार. मग मला का खुपतंय?"

मी वयानं मोठी आहे, म्हणून तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

आधी पाय. मूर्तींचा प्रश्न तू ठसठशीत विचारलास आणि सासूबाईंचा अंगठा मधेच कुठं दोन ओळींत उरकलास. मी तिथूनच सुरू करते. हे वाचत असशील तर पुढचं नंतर वाच, त्यांना आज दवाखान्यात ने. शुगर जुनी झाली की पायाची जाणीव कमी होते. जखम आतून चिघळत असते आणि म्हातारं माणूस म्हणतं, दुखत नाही गं, बरं वाटतंय. त्या "दुखत नाही"वर जाऊ नकोस, तेच धोक्याचं. अंगठा काळा पडला, वास यायला लागला, ताप आला तर सकाळ व्हायचीही वाट बघू नकोस. गोळ्या किती दिवस बंद होत्या ते डॉक्टरला खरं सांग, लाजून दिवस कमी करू नकोस. मिस्टर रेल्वेत आहेत म्हणजे रेल्वेच्या दवाखान्याचं कार्ड घरात असेलच. ते रागावतील. रागावू देत. राग उतरतो, कापलेला पाय परत येत नाही.

आता मूर्तींचं.

शास्त्र कडक आहे, ते पातळ करून मी तुला सांगणार नाही. दहा आज्ञांमधली सुरुवातच तिथून होते. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात तो माणूस आहे ना, झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकर भाजतो, मांस शिजवतो, ऊब घेतो, आणि उरलेल्या ओंडक्याचा देव करून त्याला म्हणतो, मला वाचव. योहानाच्या पहिल्या पत्राची शेवटची ओळसुद्धा हीच, मुलांनो, मूर्तींपासून स्वतःला राखा. यिर्मया संदेष्टा तर म्हणतो, त्या मूर्ती काकडीच्या मळ्यातल्या बुजगावण्यासारख्या आहेत, उचलून न्याव्या लागतात. ही उपमा मला लहानपणापासून कळते. उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं की आमच्याकडे पात्रातल्या वाळूत डांगर-काकडीच्या वाड्या लावायचे. माझ्या वडिलांचा फाटका सदरा घातलेलं एक बुजगावणं होतं. पहिले चार दिवस कावळे बिचकले. पाचव्या दिवशी एक कावळा त्याच्या मडक्याच्या डोक्यावर बसून काकडी खात होता, आणि वडील बांधावर उभे राहून हसत होते. रात्री मात्र राखणीला ते स्वतःच जायचे.

म्हणजे यिर्मया विचारतोय ते एवढंच की रात्रीची राखण कोणाच्या भरवशावर चाललीय.

आणि हे तो कोणाला विचारतोय, तेही बघ. तुझ्या मिस्टरांनी जे स्तोत्र काकूंच्या तोंडावर म्हटलं, ते आठव्या ओवीपाशी थांबवलं असणार. बहुतेक जण तिथंच थांबतात. नववी ओवी उघड. "हे इस्राएला, परमेश्वरावर भाव ठेव." दहावी त्याच्याही पुढची, अहरोनाच्या घराण्याला तेच सांगते. अहरोन म्हणजे कोण? मोशे सीनाय डोंगरावर चाळीस दिवस राहिला तेव्हा खाली लोकांच्या कानातली सोन्याची कुंडलं गोळा करून वासरू ओतणारा. वर त्यानं जाहीर केलं होतं, उद्या परमेश्वराचा सण! देवाचं नाव घेऊनच केलं सगळं. त्याच्या घराण्यातले याजक पुढं हे स्तोत्र गात. शेजारपाजारच्या राष्ट्रांना तोंड, डोळे, कान सगळं सुनावून झाल्यावर गाणाऱ्यांनाच खडसावणारं ते स्तोत्र आहे. ते काकूंच्या दारात म्हणायचं कसं, मला काही कळत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात म्हणायचं असतं.

आठवी ओवी तर मिस्टरांनी हळूहळू वाचावी असं मला वाटतं. जे मूर्तीवर भरवसा ठेवतात ते तिच्यासारखेच होतात, असं ती सांगते. तुमच्या घरात एक पाचशे रुपयांची बाटली आहे. ती बोलत नाही, ऐकत नाही. आणि एक माणूस आहे, त्याला डोळे आहेत पण सख्ख्या आईचा अंगठा दिसत नाही, कान आहेत पण बायकोचं ऐकू येत नाही. तुला जे खुपतंय ना, ते हे खुपतंय.

मिस्टर म्हणतील, तेल तर शास्त्रातच आहे. खरं आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय, कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. पण तिथं वडील घरी येतात, किंमत कुठं लिहिलेली नाही, आणि आजाऱ्याला वाचवते ती विश्वासाची प्रार्थना असं म्हटलंय, बाटली नव्हे. शिवाय त्या काळी तेल हे औषधच होतं. येशूच्या दाखल्यातल्या दयाळू शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, मग त्याला उचलून उतारशाळेत नेलं आणि पदरचे पैसे देऊन सेवा करवून घेतली. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, आणि त्याच्या बरोबरचा लूक वैद्यच होता. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, हे यांना कोणी सांगितलं नव्हतं बहुतेक.

शास्त्रातली वस्तू म्हणून ती मूर्ती होणार नाही, असंही नाही. हिज्कीया राजाची गोष्ट 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. मोशेनं रानात पितळेचा साप केला होता, तो खुद्द देवाच्या सांगण्यावरून. साप चावलेला माणूस त्याच्याकडे बघून जगायचा. शेकडो वर्षं तो साप जपून ठेवला गेला आणि हिज्कीयाच्या काळापर्यंत लोक त्याला धूप जाळायला लागले होते. हिज्कीयानं तो फोडला. नहुश्तान म्हणत त्याला. नुसता पितळेचा तुकडा, असाच काहीसा त्या शब्दाचा नूर आहे. विचार कर, देवानं सांगून केलेली, मोशेच्या हातची, माणसं वाचवलेली वस्तू. आज अशी वस्तू कुठं निघाली तर आपण तिच्याभोवती काच बसवून तिकीट लावू. यानं फोडली, आणि शास्त्र त्याला बरं म्हणतं.

पुढं विसाव्या अध्यायात हाच हिज्कीया मरायला टेकतो. गळू झालेलं असतं. देव यशयाकरवी निरोप देतो, तुला आणखी पंधरा वर्षं दिली. मिस्टरांच्या हिशेबानं इथं गोष्ट संपायला हवी. पण यशया म्हणतो, अंजिरांचा लेप आणा. लेप आणून गळवावर लावतात, मग तो बरा होतो. देवाचा शब्द मिळालेला, संदेष्टा उशाशी उभा, आणि तरी लेप.

मी हे शहाणपणानं सांगतेय असं समजू नकोस. माझ्या आजीकडे पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं पवित्र शास्त्र होतं, १९२४ साली केडगावला छापलेलं. पानं पिवळी, कड कुरतडलेली. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला, तेव्हा ते मी त्याच्या उशीखाली ठेवलं. बाजूला सरकलं की रात्री उठून नीट करायचे. आठ दिवसांनी ताप उतरला तेव्हा आमच्या पाळकबाई भेटायला आल्या. त्यांनी चहा घेतला आणि सहज विचारलं, "या आठ दिवसांत उघडलंस का गं कधी?" मी एकदाही उघडलं नव्हतं. उशीखाली ताईत ठेवावा तसं ठेवलं होतं. त्या पुढं काहीच बोलल्या नाहीत, बशीतली बिस्किटं संपवली आणि गेल्या. मला अजून त्या बिस्किटांचा कुरकुर आवाज आठवतो.

(माझे हिंदू वाचक इथं म्हणत असतील, चला, बुवाबाजी आमच्याच वाट्याला आलेली नाही. नाही हो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो कोणाच्या झग्याचा रंग बघत नाही.)

दोन लाखांचं. पौल कलस्सैकरांना लिहितो की लोभ ही मूर्तिपूजाच. लोभ म्हटलं की आपल्याला सावकार आठवतो, पण "शंभरपट मिळेल" म्हणून देवाला दोन लाख देणं हा कुठला त्याग? तो सट्टाच झाला, फक्त आमेन म्हणून लावलेला. कपाशीच्या भावावर लावतात तसा. अर्पण द्यायचंच असेल तर ते परत मिळणार नाही असं धरून द्यावं, आपल्या ऐपतीनं, आणि पावती घेऊन. एफडी कोणाच्या नावावर आहे, कोणाच्या सहीनं मोडते, ते या आठवड्यात बँकेत जाऊन स्वतः विचारून ये. कुठल्याही कागदावर "नंतर वाचू" म्हणत सही करू नकोस. अंगावरचं सोनं तुझं आहे, ते गहाण ठेवायचा विषय निघाला तर नाही म्हण. एवढा एकच शब्द, कारणं द्यायला बसू नकोस. कारणं दिली की वाद होतो, आणि वादात पास्टरांची वचनं पाठ असलेला माणूस जिंकतो.

वादच नको. तुमच्याकडे संध्याकाळची घरची प्रार्थना होत असेल. तिथं वाचायची पाळी तुझ्यावर आली की त्याच 'दुसरे राजे' पुस्तकाचा पाचवा अध्याय वाच. नामानाचा. टीका-टिप्पणी न करता, पूर्ण. अरामाचा सेनापती नामान कोड घेऊन अलीशा संदेष्ट्याकडे येतो, सोबत दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं (किक्कार, शेकेल ही त्या काळची वजनं), दहा पोशाख. यार्देनेत सात बुचकळ्या मारून बरा होतो आणि सगळं पुढं करतो. अलीशा एक कवडी घेत नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र मागून धावत जातो, थाप मारून दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख घेऊन येतो, घरात लपवतो. शेवटी नामानाचं कोड गेहजीला लागतं. बरं करण्याचे पैसे घेणाऱ्यांबद्दल शास्त्राचं मत काय, हे इतकं उघड दुसरीकडे मला तरी सापडलेलं नाही. तू फक्त वाच आणि पुस्तक मिट. दुसऱ्या दिवशी अठरावा, तिसऱ्या दिवशी विसावा. ऐकतील असं वचन मी देत नाही. पण ते शब्द तुझे नसतील, त्यामुळे तुझ्यावर ओरडताही येणार नाही.

याच पाचव्या अध्यायात तुझ्या शेजाराचंही उत्तर आहे. बरा झाल्यावर नामान म्हणतो, यापुढं मी परमेश्वराशिवाय कोणाला यज्ञ करणार नाही. पण माझा धनी रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा व्हावी. आता अलीशानं काय म्हणावं? तुझ्या मिस्टरांनी स्तोत्र ११५ म्हटलं असतं. अलीशा म्हणाला, शांतीनं जा. बस.

ताटाबद्दल मिस्टरांची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. अखाजीला घागर भरून, डांगर ठेवून पितरांना नैवेद्य दाखवतात आणि मग ताटं निघतात, हे आपल्या खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. मूर्तीला अर्पिलेलं खाऊ नये, असं 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात लिहिलेलं आहे. पौल करिंथकरांना जरा वेगळं सांगतो. बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं खा. कोणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. तेव्हा मिस्टरांना खायचं नसेल तर तो त्यांचा हक्क. आमच्या घरात वडील खायचे, आजी नाही खायची. आजी ताट दोन्ही हातांनी घ्यायची, "कशाला गं इतकं केलंस" म्हणायची आणि आम्हा पोरांपुढं सरकवायची. दारातून एकही ताट परत गेलं नाही. पौलानं त्याच पत्रात या विषयाला हात घालतानाच पहिल्यांदा काय लिहिलं? ज्ञान फुगवतं, प्रीती उभारते.

आणि पौल स्वतः कसा वागला? इफिसात तो दोन वर्षांहून जास्त राहिला. अर्तमी देवीचं ते गाव. चांदीचे देव्हारे करणाऱ्या देमेत्रियानं धंदा बुडतो म्हणून दंगल उठवली, लोक नाट्यगृहात दोन तास एकच घोषणा देत होते. शेवटी शहराच्या चिटणीसानं त्यांना गप्प केलं. काय म्हणून? या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. विरोधकाच्या तोंडचं प्रशस्तिपत्र आहे ते. हातांनी केलेले देव हे देव नव्हेत, हे पौल तिथं सांगत होताच, देमेत्रियाची तक्रारच ती होती. पण देवीला शिवी दिली नाही. तुमच्या गल्लीत आज कोणी चिटणीस उभा राहिला तर तुमच्या घराबद्दल असं म्हणू शकेल का?

मुलीला काय सांगायचं? तिला सांग, कोण कुठं जाणार हे ठरवायची खुर्ची देवानं आपल्याला दिलेली नाही. आणि तिच्या पप्पांसमोर सांग, पाठीमागं नको. पाठीमागं सांगितलंस तर ती लपवायला शिकेल. ती पुन्हा विचारेल, मुलं विचारतातच. पुन्हा तेच सांग.

आपल्या जुन्या मंडळीच्या पाळकांना एकदा घरी बोलाव. पास्टरांशी भांडायला नव्हे, सासूबाईंना भेटायला. याकोबानं सांगितलंय तसं वडिलांपैकी दोघं-तिघं येऊ देत, तेल लावायचं तर लावू देत, प्रार्थना करू देत. दवाखान्याच्या पट्टीला हात न लावता. म्हातारीलाही बरं वाटेल. महिनाभर तिला कोणी विचारलंच नाहीये की तुझं काय म्हणणं आहे.

आणि काकूंकडे तू एकटी जा. मिस्टरांच्या वतीनं माफी मागू नकोस, ती त्यांची त्यांनी मागायची. तू तुझी माग, की मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकलं आणि बाहेर आले नाही. पत्रात तू हे लिहिलं नाहीस, पण काकूंचे शब्द तुला बरोबर ऐकू आलेत, त्यावरून कळलं. रिकाम्या हातानं जाऊ नकोस. शेवभाजी कर, आपल्याकडची तिखट, वरती तर्री आलेली, आणि डबा त्यांच्याकडेच ठेवून ये. डबा परत द्यायला तरी त्या येतील.

सासूबाईंची शुगर किती निघाली ते मला कळव.